हलकं फ्लायव्हील आणि अ‍ॅव्हरेजचा हिशेब

फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या क्रँकच्या (मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकावरची जड चकती, जिच्यावर क्लच बसतो. हलकं फ्लायव्हील बसवलं की पेट्रोल वाचतं का? शहरात फार तर एक-सव्वा टक्का. हायवेवर काहीच नाही. आणि मे महिन्यात एसी लावून नागपूरच्या पंचशील चौकात उभे राहिलात, तर तो एक टक्काही सिग्नललाच जळून जातो. पिकअपचं तसं नाही. तो फरक खरा आहे आणि पहिल्याच गिअरला पायाला कळतो. विकणारे मात्र दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगतात, म्हणून इथे दोन्हींचा हिशेब वेगवेगळा मांडला आहे.

बाजारात हा माल तीन रूपांत मिळतो. पहिलं म्हणजे क्रोमोलीच्या, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाच्या, ठोकळ्यातून कोरून काढलेलं तयार फ्लायव्हील. दुसरं अ‍ॅल्युमिनियमचं. त्याच्या तोंडावर क्लच प्लेट घासण्यासाठी पोलादी चकती बोल्टने बसवलेली असते, कारण नुसतं अ‍ॅल्युमिनियम त्या घर्षणापुढे टिकत नाही. तिसरा आणि आपल्याकडे सर्वात जास्त चालणारा प्रकार म्हणजे कंपनीचंच बिडाचं फ्लायव्हील लेथवर छिलून घेणं. घाट रोडवरच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत तयार माल सहसा शेल्फवर नसतो, मागवावा लागतो. लेथचं काम हिंगण्याला कुठेही होतं, पण फ्लायव्हील छिलणं आणि ब्रेक ड्रम छिलणं यातला फरक कळणारा कारागीर शोधावा लागतो. त्याबद्दल पुढे.

आधी आकडे. लहान हॅचबॅकच्या पेट्रोल इंजिनाचं बिडाचं फ्लायव्हील सात किलोचं आणि सव्वीस सेंटिमीटर व्यासाचं धरू. हलकं चार किलोचं. वजनात तीन किलो गेले, पण इथे वजनापेक्षा जडत्व (फिरण्याचा वेग बदलायला होणारा विरोध) महत्त्वाचं, आणि जडत्व ठरतं ते वजन कुठून काढलं यावरून. मध्यापासून बारा सेंटिमीटरवरचं एक किलो काढलं तर जितका फरक पडतो, त्याच्या पावच फरक सहा सेंटिमीटरवरचं एक किलो काढून पडतो. त्यामुळे दुकानदार फक्त 'तीन किलो हलकं' एवढंच सांगत असेल तर त्याने अर्धीच माहिती दिली. वजन कडेचं काढलं आहे का, ते पाहा. कडेने नीट काढलेलं असेल तर जडत्व ०.०६५ वरून ०.०३ किलोग्रॅम-वर्गमीटरपर्यंत येतं, म्हणजे साधारण ०.०३५ कमी होतं. क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट साडेतीन-चार किलोची असते. ती, क्रँक आणि पुढची पुली आहे तशीच राहते, हेही विसरू नका. फ्लायव्हील निम्मं झालं म्हणून इंजिनाचं सगळं फिरतं वजन निम्मं होत नाही.

आता हे ०.०३५ चाकापाशी किती मोठं होतं ते बघा. पहिला गिअर ३.५, दुसरा १.९, तिसरा १.३, चौथा ०.९५, पाचवा ०.७५, फायनल ड्राइव्ह ४.२ आणि चाकाची त्रिज्या २९ सेंटिमीटर धरली, तर गाडीचा वेग वाढवताना हलक्या फ्लायव्हीलचा फायदा पहिल्या गिअरमध्ये गाडीतून ९० किलो उतरवल्याइतका मिळतो. दुसऱ्यात २६ किलो, तिसऱ्यात १२, चौथ्यात साडेसहा. पाचव्यात चार किलो, म्हणजे मागच्या सीटवरची संत्र्यांची पिशवी घरी ठेवल्याइतका. गिअरचं प्रमाण वर्गात मोजलं जातं, म्हणून हा उतार इतका तीव्र आहे. पहिल्या गिअरला गाडी उडी मारते आणि चौथ्यात ओव्हरटेक करताना काहीच जाणवत नाही, ते याच कारणाने.

म्हणूनच गॅरेजमध्ये न्यूट्रलला रेस मारून दाखवतात ना, त्या प्रात्यक्षिकावर जाऊ नका. न्यूट्रलला इंजिन फक्त स्वतःचं वजन फिरवत असतं, गाडीचे हजार किलो त्याच्या गळ्यात नसतात. सुई झपकन चार हजारांवर जाते, गिऱ्हाईक खूश होतं, आणि रस्त्यावर त्यातला फारच थोडा भाग हाती लागतो.

पेट्रोलचा हिशेब असा. फ्लायव्हील फिरवायला इंजिन जी ताकद लावतं ती लगेच वाया जात नाही, फ्लायव्हीलमध्ये साठून राहते. ८०० आरपीएमवरून २,५०० पर्यंत नेताना जड आणि हलक्या फ्लायव्हीलमधला फरक सुमारे १.१ किलोज्यूल. गिअर वर टाकल्यावर आरपीएम १,६०० पर्यंत उतरतात आणि पुन्हा २,५०० ला जातात, त्या प्रत्येक वेळी ०.७. पहिला, दुसरा, तिसरा असे तीन गिअर वापरून गाडी उचलली तर एका 'थांबा-निघा'मागे अडीच किलोज्यूल झाले. व्हरायटी चौक ते मेडिकलसारख्या गर्दीत किलोमीटरला तीन वेळा थांबलात तर साडेसात. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. त्यातली पाव क्रँकपर्यंत पोहोचते असं धरलं तर आठ. शहरात लिटरला १४ किलोमीटर देणाऱ्या गाडीला एका किलोमीटरला क्रँकवर सुमारे ५७० किलोज्यूल लागतात. त्यातले साडेसात वाचले, म्हणजे १.३ टक्के. १४ चे झाले १४.२.

हीसुद्धा वरची मर्यादा झाली. साठलेली ताकद एकही थेंब परत मिळत नाही असं धरून हा आकडा आला आहे. प्रत्यक्षात गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजेक्शनच्या गाड्यांत इंधन बंद होतं आणि फ्लायव्हीलमधली ताकद चाकाकडे परत जाते, गाडी थोडी पुढे ढकलते. सिग्नल लांबून दिसताच पाय काढणाऱ्या ड्रायव्हरला जड फ्लायव्हील बरंच काही परत देतं. जो शेवटपर्यंत रेस ठेवून ब्रेकवर उभा राहतो, त्याचीच ताकद ब्रेक पॅडमध्ये जळते. म्हणजे गाडी जितकी वाईट चालवाल तितका हलक्या फ्लायव्हीलचा फायदा जास्त. गंमतच आहे.

हायवेवर तर बोलायलाच नको. समृद्धीवर शिवमडक्याहून चढलात आणि शंभरावर काटा स्थिर ठेवलात, तर फ्लायव्हील ज्या वेगाने फिरतंय त्याच वेगाने फिरत राहतं. वेग बदलत नाही तोवर जडत्वाला काम नाही. तिथे पेट्रोल खातो तो वारा, आणि त्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. शंभराऐवजी ऐंशीने गेलात तर हवेचा विरोध छत्तीस टक्के कमी होतो. फ्लायव्हील बदलून यातला एक टक्काही मिळणार नाही.

आता नागपूरचा मुद्दा, आणि आमच्या मते या मालाचं खरं परीक्षण इथेच होतं. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकचा अर्धा फेरा झाला की एक स्फोट होतो. तीन सिलिंडरच्या इंजिनात दोन तृतीयांश फेऱ्यानंतर. मधल्या वेळात इंजिनाला फिरतं ठेवतं ते फ्लायव्हील. ते हलकं केलं की आयडलिंगला क्रँकचा वेग वर-खाली जास्त हलतो. त्यात एसीचा कॉम्प्रेसर टक्कन लागला की एकदम ओझं येतं. जड फ्लायव्हील ते पोटात घेतं. हलकं असेल तर आरपीएम खाली झुकतात, ईसीयू (इंजिनाचा संगणक) घाईने हवा वाढवतो, मग वर उडतात, पुन्हा खाली. पारा ४५ च्या आसपास असताना कॉम्प्रेसर जवळपास सतत चालू असतो आणि रेडिएटरचा पंखाही. पंखा लागला की अल्टरनेटरचं ओझं वेगळं. हे स्थिर करायला मग आयडलिंग वाढवून घ्यावं लागतं, ७५० चं ८५०-९००.

त्याची किंमत मोजू. वर्षाला शहरात १०,००० किलोमीटर, सरासरी वेग ताशी २०, म्हणजे ५०० तास गाडी चालू. त्यातला पाव वेळ उभी, म्हणजे १२५ तास. शे-दीडशे आरपीएम वाढल्यावर लहान इंजिन तासाला साधारण १०० मिलिलिटर जास्त पितं असं धरा. साडेबारा लिटर झाले. फ्लायव्हीलने वर्षात वाचवले किती? १४ च्या अ‍ॅव्हरेजने १०,००० किलोमीटरला ७१४ लिटर लागतात, त्याचे १.३ टक्के, सव्वानऊ लिटर. म्हणजे घरातून तीन लिटर गेले. आयडलिंग न वाढवताही गाडी नीट उभी राहत असेल तर ते सव्वानऊ लिटर तुमचे. पेट्रोल शंभर-एकशेपाच रुपये धरलं तर वर्षाचे हजाराच्या आत-बाहेर.

दुसरी गळती आणखी लबाड आहे. जड फ्लायव्हीलची गाडी चौथ्या गिअरला १,३००-१,४०० आरपीएमवर निमूट चालते. हलकं बसवल्यावर त्याच आरपीएमला ती खालून थरथरते, गिअर लिव्हर हातात नाचतो, म्हणून ड्रायव्हर नकळत तिसऱ्यात राहतो. तिसऱ्यात त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं, घर्षण वाढतं, थ्रॉटल जास्त मिटलेला राहिल्याने हवा ओढायलाही जास्त ताकद जाते. फ्लायव्हीलने वाचवलेल्या टक्क्याच्या कितीतरी पट इथून गळतं. गाडी उचलतानाही तेच. पूर्वी अ‍ॅक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, न लावता नुसत्या क्लचवर निघणारी गाडी आता बंद पडते. म्हणून १,५००-१,८०० पर्यंत रेस देऊन हाफ क्लचवर काढावी लागते. नागपूर सपाट आहे म्हणून बरं. तरी उड्डाणपुलाच्या चढावर जाम लागला आणि मागचा बंपरला चिकटून उभा असला की हे फार जाणवतं.

मग लोक 'माझ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज दीडने वाढलं' असं छातीठोक का सांगतात? खोटं बोलत नाहीत बिचारे, मोजायला चुकतात. ३० लिटरची टाकी भरताना नोझल अर्धा लिटर आधी कटलं तरी १.७ टक्क्यांची चूक होते. तुम्ही शोधताय तो फरकच १.३ टक्के आहे. त्यात ऋतू. मेमध्ये फ्लायव्हील बदललं, डिसेंबरमध्ये अ‍ॅव्हरेज काढलं, एसी बंद. वाढणारच! शिवाय फ्लायव्हीलसोबत नवी क्लच प्लेट पडलेली असते. जुनी घसरत होती ती घसरायची थांबली, गिअर ऑइल नवं भरलं गेलं, त्याचं श्रेय फ्लायव्हीलच्या खात्यावर. मोजायचंच असेल तर बदलण्याआधी निदान चार टाक्या आणि नंतर चार, एकच पंप, एकच नोझल, पहिल्या कटला थांबायचं, टायरची हवा सकाळी गार असताना सारखी, एसीचा वापर सारखा, रस्ता तोच. एवढं करून चारही टाक्यांचे आकडे एकमेकांपासून तीन-चार टक्के लांब निघतील, तेव्हा कळेल की एक टक्का मोजणं किती अवघड आहे.

एक साधा विचार करा. कंपन्यांना आपली गाडी जास्त अ‍ॅव्हरेजची म्हणून विकायची असते. त्यांची चाचणी एमआयडीसीवर होते. हिंगण्याची नव्हे, मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल. तिच्या शहरी भागात १९५ सेकंदांचं एक चक्र चार वेळा येतं, त्यात थांबा-निघा भरपूर. तिथे फ्लायव्हीलमधून फुकटात काही मिळत असतं तर त्यांनी कधीच काढून घेतलं असतं. त्यांनी वजन जिथे थांबवलं, तिथे थांबवायला कारण आहे.

कोणत्या गाडीला हे चालतं आणि कोणत्या गाडीला नाही, याबाबत मात्र आम्ही ठाम आहोत. चार सिलिंडरचं, टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन आणि हाताने टाकायचा गिअर, याच गाडीचा विचार करा. होंडा सिटीचं १.५ किंवा मारुतीचं चार सिलिंडरचं के-सिरीज १.२ या जातीचं. तीन सिलिंडरच्या गाडीला आधीच थरथर जास्त, तिथे हात लावू नका. काही तीन सिलिंडर इंजिनांत तर फ्लायव्हील मुद्दाम असंतुलित बनवलेलं असतं, थरथर दुसऱ्या दिशेला वळवण्यासाठी. इकोस्पोर्टमध्ये आलेलं फोर्डचं १.० इकोबूस्ट हे त्याचं उदाहरण. तिथे लेथवाल्याने 'बॅलन्स करून देतो' म्हणून नीट संतुलित करून दिलं की काम बिघडलंच. एएमटीला (आपोआप गिअर टाकणाऱ्या मॅन्युअल गिअरबॉक्सच्या गाडीला) नको, कारण तिचा क्लच संगणक दाबतो आणि त्याला जुन्या फ्लायव्हीलचा अंदाज शिकवलेला असतो. गिअर बदलताना मान हलेल इतके झटके येतात. टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकला हा प्रश्नच लागू नाही, तिथे असलं फ्लायव्हील नसतंच.

डिझेलवाल्यांनी तर लांबच राहावं. डिझेलचे स्फोट जोरदार, म्हणून कितीतरी डिझेल गाड्यांत डबल मास फ्लायव्हील असतं, दोन चकत्या आणि मध्ये स्प्रिंगा. ते खराब झालं की नवं महाग पडतं, मग कोणीतरी एकसंध हलकं बसवायचा सल्ला देतं. स्प्रिंगा गेल्या की ते हादरे थेट गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टला जातात. न्यूट्रलला क्लच सोडला की डब्यात गोट्या हलवल्यासारखा खडखडाट येतो, क्लच दाबला की थांबतो. एकसंध फ्लायव्हील लावायचंच असेल तर स्प्रिंगवाली क्लच प्लेट लागते आणि वजन कमी नव्हे, पुरेसं लागतं.

बीएस-६ गाड्यांना, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरच्या, आणखी एक दुखणं आहे. ईसीयू मिसफायर ओळखतो तो क्रँकच्या वेगातल्या बारीक झटक्यांवरून. फ्लायव्हील हलकं केलं की ते झटके मोठे होतात आणि सगळे सिलिंडर व्यवस्थित जळत असतानाही चेक इंजिनचा दिवा लागू शकतो, कोड पी०३००. मग मिस्त्री प्लग बदलतो, कॉइल बदलतो, इंजेक्टर धुतो. दिवा परत. काही इंजिनांत क्रँक सेन्सर फ्लायव्हीलवरच्याच दात्यांकडे बघतो. तयार फ्लायव्हीलवर ते दाते किंवा ती रिकामी जागा अंशभर जरी इकडेतिकडे असली तर गाडी सुरूच होणार नाही किंवा टायमिंग चुकेल. विकत घेताना जुनं आणि नवं एकमेकांवर ठेवून खाचा, डॉवेलचं भोक, रिंग गिअरचे (सेल्फ ज्याला फिरवतो त्या कडेच्या दातेरी कड्याचे) दाते मोजून घ्या.

बसवण्याचं काम सुटसुटीत आहे, पण गिअरबॉक्स उतरवावा लागतो. पाच-सहा तास धरा. बॅटरीची निगेटिव्ह काढायची, गिअर ऑइल काढायचं, सेल्फ आणि दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट काढायचे, इंजिनाला खालून आधार देऊन गिअरबॉक्स बाहेर. प्रेशर प्लेट एक-एक बोल्ट थोडा-थोडा सैल करत काढायची, एकाच बाजूचा पूर्ण सोडला तर ती वाकते. फ्लायव्हील निघाल्यावर क्रँकच्या मागच्या ऑइल सीलकडे बघा. ओलं दिसलं तर आत्ताच बदला, चार-पाचशेचा माल आहे आणि नंतर तोच बदलायला सगळं पुन्हा उतरवावं लागेल. क्रँकचा फ्लँज बारीक पॉलिश पेपरने साफ करा. तिथे गंजाचा एक कण राहिला तरी फ्लायव्हील तिरकं बसतं.

नव्या फ्लायव्हीलवर गंजू नये म्हणून तेल लावलेलं असतं. ते ब्रेक क्लीनरने पुसायचं, पेट्रोलच्या चिंध्यांनी नव्हे. बरेच जण हेच विसरतात, आणि मग पहिल्या दिवसापासून क्लच धरताना गाडी थरथरते. बोल्ट कंपनीचे नवेच घ्या. कित्येक इंजिनांत ते एकदाच ताणले जातील असेच असतात. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर. 'हाताला कळतं' म्हणणाऱ्या मिस्त्रीला नमस्कार करा आणि दुसरं गॅरेज बघा. घट्ट केल्यावर डायल गेज लावून तोंड फिरवून बघा. ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त डुलत असेल तर काढून पुन्हा बसवा. क्लच प्लेट अलाइनमेंटच्या दांड्यावर मध्यभागी धरून प्रेशर प्लेट लावा. रिलीज बेअरिंग नवं. बॅटरी जोडल्यावर गाडी गरम होईपर्यंत आधी एसी बंद ठेवून, मग एसी लावून आयडलिंगला सोडा, ईसीयूला नवी सवय लागू द्या. पहिले पाचशे किलोमीटर क्लचला सांभाळून घ्या.

आता लेथ. इथेच सर्वात जास्त चुका होतात आणि त्या धोक्याच्या आहेत. बिडाचं फ्लायव्हील छिलायचं ते इंजिनाकडच्या बाजूने आणि कडेने. क्लचकडचं तोंड फक्त साफ करण्यापुरतं. त्या तोंडापासून प्रेशर प्लेट बसते त्या पायरीपर्यंतचं अंतर कंपनीने ठरवलेलं असतं. तोंड अर्धा मिलिमीटर उतरलं आणि पायरी तशीच राहिली तर प्रेशर प्लेटचा दाब कमी होतो आणि क्लच घसरतो. छिलायचं तर दोन्ही सारखं. रिंग गिअर गरम करून चढवलेला असतो, त्याच्या खालचा पट्टा बारीक केला की तो एक दिवस सेल्फ मारताना फिरतो. आणि भोकं पाडून वजन कमी करणं, ते अजिबात नाही. ६,५०० आरपीएमला सव्वीस सेंटिमीटरच्या फ्लायव्हीलची कड सेकंदाला ८८ मीटर जाते, म्हणजे ताशी ३१८ किलोमीटर. कडेवर पडणारा ताण ५५ मेगापास्कलच्या घरात जातो. साधं बीड दोनशे-अडीचशेला तुटतं, म्हणजे वरकरणी भरपूर शिल्लक आहे, पण भोकाच्या काठावर तोच ताण दुप्पट-तिप्पट होतो, त्यात क्लचच्या उष्णतेने पडलेल्या केसाएवढ्या चिरा. तुकडा सुटला तर बेल हाउसिंग (क्लचभोवतीचं आवरण) फोडून निघतो, आणि त्याच्या वाटेत तुमचे पाय असू शकतात. म्हणून चिरा दिसणारं किंवा निळे डाग पडलेलं फ्लायव्हील छिलायला देऊच नका. शर्यतीच्या जगात तयार फ्लायव्हीलसाठी एसएफआय १.१ नावाचं प्रमाण आहे ते याच भीतीपोटी. तयार माल घेताना तो शिक्का आहे का बघा.

सात किलोतलं एक-सव्वा किलो कडेने काढणं, ही बिडाच्या बाबतीत आमची मर्यादा. त्याहून हलकं हवं असेल तर क्रोमोलीच घ्या. छिलल्यानंतर बॅलन्सिंग सक्तीचं. ज्याच्याकडे बॅलन्सिंगचं मशीन नाही त्याला काम देऊ नका, दोन हजारांत किती सुबक चमकवून देत असला तरी.

उष्णतेबद्दल एक सांगायचं राहिलं. क्लच घसरतो तेव्हाची गरमी फ्लायव्हील पिऊन घेतं. सात किलो बिडाला एक अंशाने तापायला ३.२ किलोज्यूल लागतात, चार किलो पोलादाला १.९. म्हणजे त्याच जाममध्ये, त्याच हाफ क्लचवर हलकं फ्लायव्हील दीडपटीहून जास्त तापतं. अ‍ॅल्युमिनियमचं गरमी लवकर पसरवतं खरं, पण पोलादी चकती आणि अ‍ॅल्युमिनियम वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, म्हणून त्यांच्यामधले बोल्ट दर क्लचबदलीला तपासावे लागतात. इतवारी-गांधीबागेत रोज हाफ क्लचवर सरकणाऱ्या गाडीला आम्ही अ‍ॅल्युमिनियम सुचवणार नाही.

पैशांचं बोलू. तयार क्रोमोली २५,००० ला पडलं आणि मजुरी, बोल्ट, सील, ऑइल मिळून पाच हजार धरले तर तीस हजार. वाचणार वर्षाला जास्तीत जास्त हजार. तीस वर्षं लागतील, आणि आरसी असते पंधरा वर्षांची. तेवढ्या पैशांत टायरची हवा, अलाइनमेंट, कंपनीने सांगितलेलंच पातळ ऑइल, स्वच्छ एअर फिल्टर असं सगळं वर्षानुवर्षं होईल. एसी लावून उभी लहान गाडी तासाला लिटरच्या वर पिते. नव्वद सेकंदांच्या सिग्नलला सत्तावीस मिलिलिटर. हिवाळ्यात तरी अशा सिग्नलला इंजिन बंद करा.

पिकअपसाठी घेणाऱ्याला मात्र आम्ही अडवणार नाही. दुसऱ्या गिअरमधून निघताना गाडी मोकळी वाटते, खालचा गिअर टाकताना रेस जुळवणं सोपं जातं, वळणावर इंजिन पायाबरोबर बोलतं. रविवारी सकाळी रामटेककडे गाडी काढणाऱ्याला त्यातली मजा कळेल. त्याच्या जोडीला आयडलिंगची थरथर, गिअरबॉक्सचा हलका खडखडाट आणि क्लच नव्याने शिकणं येतं. घरात आणखी कोणी ती गाडी चालवत असेल तर पहिला आठवडा ती चौकाचौकात बंद पडेल. रोज बुटीबोरीला जाऊन-येऊन करणाऱ्याला, ज्याचा बहुतेक रस्ता पाचव्या गिअरचा आहे, यातलं काहीच मिळणार नाही, फक्त बिल मिळेल.

आमचे गुण: पिकअपसाठी पाचपैकी साडेतीन, अ‍ॅव्हरेजसाठी अर्धा. बसवायचंच ठरलं असेल तर क्लच प्लेट बदलायला आली असेल तेव्हाच बसवा, गिअरबॉक्स उतरवायची मजुरी एकदाच पडते. गाडी वॉरंटीत असेल तर थांबा, क्लच-गिअरबॉक्सचा एकही दावा नंतर मान्य होणार नाही. आणि जुनं फ्लायव्हील भंगारात देऊ नका. तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, आडवं ठेवा. छिलून घ्यायचं असेल तर आपलं तसंच ठेवून दुसरं जुनं आणून ते छिला. बिडाचं एकदा उतरवलेलं वजन परत चढवता येत नाही, आणि मेमध्ये त्याची आठवण होण्याची शक्यता बरीच आहे.